टर्बो गाडीला कोणतं सिंथेटिक ऑइल? पुढचा आकडा बघायचा की मागचं लेबल?

सह्यवाटा (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या महिन्यात सेकंडहँड गाडी घेतली. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं), ४६,००० किमी चाललेली. टायर, क्लच, सस्पेन्शन, बॉडी सगळं मेकॅनिकला दाखवून घेतलं, पण ऑइलचा विचार गाडी दारात उभी राहिल्यावर सुचला. आधीच्या मालकाच्या फाइलमधली शेवटची दोन बिलं बाहेरच्या गॅरेजची आहेत आणि दोन्हींवर फक्त एवढंच लिहिलंय: 'इंजिन ऑइल ४ लि.' ग्रेड नाही, कंपनी नाही.

वापर असा आहे. रोज चिंचवड ते हिंजवडी, त्यातलं निम्मं अंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पंधरा दिवसांतून एकदा पाटणला गावी, चार माणसं आणि डिकी भरून.

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने सांगितलं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात वीस-पन्नास (२०डब्ल्यू-५०) घाला, जाड ऑइल म्हणजे इंजिन सुरक्षित. घराजवळच्या गॅरेजमध्ये म्हणाले, बॅरलमधलं पंधरा-चाळीस (१५डब्ल्यू-४०) घालतो, ट्रकला चालतं ते कारला का नाही चालणार? ऑफिसमधला मित्र म्हणतो ०डब्ल्यू-२० घाल, अ‍ॅव्हरेज वाढेल. मॅन्युअलमध्ये लिहिलंय: ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३, एपीआय एसपी. यातलं '५डब्ल्यू-३०' सोडून पुढचं मला काही कळत नाही.

आधीची आठशे सीसीची गाडी अकरा वर्षं वापरली. तिला मिळेल ते ऑइल घातलं आणि तिने कधी तक्रार केली नाही. म्हणून मुळातूनच विचारतो, टर्बोला असं वेगळं काय लागतं?

आणि एक. परवा सकाळी गाडी थंड असताना ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल काळं आहे, वरच्या खुणेच्या किंचित वर आहे, आणि वास घेतला तर चक्क पेट्रोलचा वास येतो. काळजी करावी का?

---

पाना_नं_१७

दादा, पट्टीचा वास घेतलात हे फार चांगलं केलंत. आमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नसतं.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला बावीस वर्षं काम करतोय. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याला वेगळं काय लागतं ते एका गाडीवरून सांगतो.

डिझेल गाडी होती. टर्बो गेला म्हणून दुसऱ्या गॅरेजमध्ये नवीन बसवला. सहा आठवड्यांत तोही गेला, मग गाडी टो करून माझ्याकडे आणली. मी टर्बो उतरवला, शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून हलवलं तर खडखड हलतंय. नवीन टर्बोत ते अगदी केसाएवढं हलतं, पंख्याची पाती बॉडीला कधी लागत नाहीत. इथे पाती घासून चकचकीत झाली होती. मग टर्बोला ऑइल देणारी बारीक पाइप सोडली. तिच्या बॅन्जो बोल्टमध्ये (आतून पोकळ बोल्ट, त्यातून ऑइल जातं) एक जाळी असते, करंगळीच्या नखाएवढी. ती जाळी मी पांढऱ्या कापडावर ठेवली आणि मालकाला बोलावलं. जाळी दिसतच नव्हती. काळा, कडक, कोळशासारखा थर. सुईने टोकरला तर कच्चकन तुकडा पडला. पहिला टर्बो याच जाळीने मारला होता आणि दुसरा त्याच जाळीवर बसवला होता.

इंजिन मिनिटाला दोन-तीन हजार फेरे फिरतं. टर्बोचा शाफ्ट दीड-दोन लाख फेरे फिरतो. बहुतेक टर्बोत बॉल बेअरिंग नसतं, शाफ्ट ऑइलवर तरंगत असतो. मध्ये ऑइल आहे तोवर धातू धातूला लागत नाही. ऑइल दोन सेकंद उशिरा पोचलं तरी त्याला ते भोगावं लागतं. त्यात शाफ्टच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपासचा एक्झॉस्ट असतो. ऑइल हलक्या दर्जाचं असेल किंवा जास्त दिवस चालवलं असेल तर ते तिथेच जळून चिकटतं. तुमच्या आठशे सीसीला हे काहीच नव्हतं, म्हणून तिने सगळं सोसलं.

बॅरलचं ऑइल घालू नका. त्या बॅरलमध्ये गेल्या आठवड्यात काय ओतलं होतं ते बॅरलवाल्यालाही ठाऊक नसतं.

---

तेलबिंदू

पाना दादांनी जाळीचं सांगितलं ते वाचून बरं वाटलं. मी वंगण तेलाच्या ब्लेंडिंग प्लांटच्या लॅबमध्ये चौदा वर्षं काम केलंय. तेव्हा मॅन्युअलमधली ती ओळ जरा उलगडून सांगते, कारण सगळं उत्तर तिथेच आहे.

५डब्ल्यू-३० मधला '५डब्ल्यू' थंडीतलं वागणं सांगतो. ५डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंशांवर होते, ०डब्ल्यूची उणे ३५ वर, १५डब्ल्यूची उणे २० वर, २०डब्ल्यूची उणे १५ वर. चिंचवडमध्ये उणे काही होत नाही, मग याचं काय करायचं, असं सगळेच विचारतात. मुद्दा असा आहे की इंजिनाच्या दृष्टीने पंचवीस अंशसुद्धा 'थंड'च असतात. ४० अंशांवर २०डब्ल्यू-५० ऑइल साधारण ५डब्ल्यू-४० च्या दुप्पट घट्ट असतं. सकाळी चावी फिरवल्यावर ते बारीक पाइपमधून टर्बोपर्यंत चढायला तेवढंच जड. झीज बरीचशी त्या पहिल्या काही क्षणांत होते. दुकानदाराचा 'जाड म्हणजे सुरक्षित' हा सल्ला म्हणूनच तुमच्या गाडीला लागू होत नाही.

मागचा '३०' म्हणजे १०० अंशांवरची घनता (बोलीभाषेतली, शास्त्रीय शब्द श्यानता). ३० ग्रेडला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ला १२.५ ते १६.३.

आता खरी गोम. दोन ५डब्ल्यू-३० ऑइलं एकसारखी नसतात. टर्बोसाठी आणि क्रँकच्या बेअरिंगसाठी महत्त्वाचा आकडा म्हणजे एचटीएचएस. १५० अंशांवर, सेकंदाला दहा लाख इतक्या वेगाने ऑइल चिरडलं जात असताना त्याचा थर किती टिकतो, ते यात मोजतात. एसीईए ही युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना, तिच्या सी३ दर्जाचं ऑइल म्हटलं की हा आकडा किमान ३.५ हवाच. ए३/बी४ मध्येही किमान ३.५. पण ए५/बी५ किंवा सी२ म्हटलं की २.९ पासूनही चालतो. या सगळ्या डब्यांवर समोर मोठ्या अक्षरांत '५डब्ल्यू-३०, फुल्ली सिंथेटिक' असंच लिहिलेलं असतं! ज्या कंपनीने इंजिन सी३ धरून बनवलंय, त्यात तुम्ही सी२ घातलंत तर ग्रेड बरोबर आणि ऑइल चूक.

मित्राच्या ०डब्ल्यू-२० ला हेच उत्तर. ज्या इंजिनाची बेअरिंगं, ऑइल पंप, क्लिअरन्स त्यासाठी केलेत तिथे ते उत्तम आहे. तुमचं मॅन्युअल ते सांगत नाही, तर घालू नका.

सी३ मधला दुसरा भाग राखेचा. ऑइल जळल्यावर उरणारी सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ए३/बी४ मध्ये ती यापेक्षा जास्त असते. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस६ डिझेल गाड्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, तिथे हे फार महत्त्वाचं. काजळी गाडी जाळून टाकते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते.

राहिलं एपीआय एसपी, म्हणजे अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेने ठरवलेला दर्जा. त्यावर वेगळं लिहिते, कारण तुमच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीचा सगळ्यात नाजूक मुद्दा तोच आहे.

---

जुना_ड्रायव्हर

मी सातारा-मुंबई पंचवीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवली, सगळ्या टर्बो डिझेल. पंधरा-चाळीसच घातलं, तेही मिनरल, पण ५,००० ला म्हणजे ५,००० ला बदललं. एका गाडीने साडेचार लाख किलोमीटर केले, टर्बो मूळचाच. महागड्या ऑइलच्या नादी लावू नका पोरांना. शिस्त लावा.

दुसरं म्हणजे एक्स्प्रेस-वेवरून बोरघाट चढून आलात आणि लगेच फूड मॉलला गाडी बंद केली, असं करू नका. मिनिटभर चालू ठेवा. गाडी बंद झाली की ऑइल पंप थांबतो आणि लालबुंद टर्बोत जे ऑइल उरलंय ते तिथेच भाजतं.

---

तेलबिंदू

काका, तुमची शिस्त ही हजार रुपयांच्या डब्याहून मोठी गोष्ट आहे, हे मी लॅबमध्ये वापरलेली ऑइलं तपासून सांगते. पण तुमच्या त्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच पंधरा-चाळीस होतं आणि इंजिनही त्यासाठीच घडवलेलं होतं. आज तेच ऑइल डीपीएफवाल्या बीएस६ डिझेलला किंवा सह्यवाटांच्या पेट्रोलला घातलं, तर बदलायची शिस्त पाळूनही नुकसान होईल.

का, ते सांगते. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल इंजिनांत एक प्रकार होतो, त्याला एलएसपीआय म्हणतात. इंजिन हळू फिरत असताना, साधारण १,५०० ते २,५०० आरपीएमला, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलात की प्लगने ठिणगी टाकायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. पिस्टन वर येत असतानाच स्फोट! एकाच दणक्यात पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) तुटू शकते. सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइल आणि पेट्रोलचे थेंब उडतात ते याला कारण होतात. संशोधनात असं दिसलं की ऑइलमध्ये कॅल्शियमवर आधारलेलं डिटर्जंट जास्त असेल तर हे वाढतं. म्हणून नव्या ऑइलांत कॅल्शियमचा काही भाग काढून मॅग्नेशियम घातलं. २०१८ मध्ये एपीआयने यासाठी एसएन प्लस आणलं, मे २०२० मध्ये एसपी. एसपीमध्ये टर्बो इंजिनवरची एलएसपीआयची चाचणी आहे, शिवाय टायमिंग चेनच्या झिजेची वेगळी चाचणी आहे. मार्च २०२५ पासून एसक्यू आलंय. एसपी मागितलेल्या गाडीला एसक्यू चालतं, उलट चालत नाही.

ट्रकच्या पंधरा-चाळीसमध्ये काजळी आणि आम्ल सांभाळायला कॅल्शियमचं डिटर्जंट भरपूर असतं. ट्रकला तेच हवं. सह्यवाटांच्या इंजिनाला तेच नको. 'ट्रकला चालतं ते कारला का नाही' याचं उत्तर एवढंच.

---

वऱ्हाडी_ऊन

ताई, पटलं. पण मी अकोल्याचा. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाते, बोनटवर हात ठेवता येत नाही. इथले सारे मेकॅनिक म्हणतात, इकडे तीसचं ऑइल पाण्यावानी होते, चाळीस किंवा पन्नासच पाहिजे. आमची गाडी पण टर्बो पेट्रोलच आहे भाऊ लोकहो, मॅन्युअलात ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही दिलेले आहेत.

---

तेलबिंदू

मेकॅनिकांची भीती समजते, पण इंजिनमधलं ऑइल बाहेरच्या हवेच्या मागे तसं धावत नाही. थर्मोस्टॅट, रेडिएटर, ऑइल कूलर हे सगळं मिळून ते साधारण ९० ते ११० च्या पट्ट्यात ठेवतात. अकोल्यात मे महिन्यात आणि पुण्यात डिसेंबरमध्ये, गाडी नीट तापल्यावर चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तो भाग) ऑइलच्या तापमानात फरक असतो, पण बाहेर दिसतो तेवढा नाही. ऑइल खरं तापतं ते ओझ्याने: भरलेली गाडी, लांब चढ, एसी पूर्ण, १२० चा सततचा वेग.

तुमच्या मॅन्युअलमध्ये दोन्ही ग्रेड आहेत, तर उन्हाळ्यात ५डब्ल्यू-४० घालणं अगदी योग्य. मीसुद्धा तेच करेन. फक्त त्या डब्यावरचं एसीईए आणि एपीआयचं नाव तेच हवं. पन्नास तुमच्या कंपनीने लिहिलेलं नाही, तर नको. जाड ऑइल बेअरिंगमधून कमी वाहतं, आणि वाहणारं ऑइलच टर्बोची उष्णता काढून नेतं हे विसरायचं नाही.

---

नेकर_नदी

मी श्टुटगार्टला राहतो, मूळचा नाशिकचा. इथे दुकानात गेलात तर गिऱ्हाईक ग्रेड विचारतच नाही, 'अप्रूव्हल' विचारतं. एमबी (मर्सिडीज-बेंझ) २२९.५१, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन ५०४ ००/५०७ ००, असे क्रमांक. गाडी कंपनीने स्वतःच्या चाचण्या घेऊन त्या ठरावीक ऑइलला दिलेली ती परवानगी असते. डब्याच्या मागे दोन प्रकारची वाक्यं असतात ती वेगळी ओळखा. 'अप्रूव्हल' असं लिहून क्रमांक असेल तर गाडी कंपनीची मान्यता आहे. 'अमुक क्रमांकासाठी योग्य', 'गरजा पूर्ण करतं', 'शिफारस' असं असेल तर ते ऑइल बनवणारा स्वतः सांगतोय. तो खोटंच सांगतो असं नाही, पण कागद त्याचा आहे, गाडी कंपनीचा नाही.

फोक्सवॅगनच्या ५०८ ०० चं उदाहरण घ्या. ०डब्ल्यू-२०, त्याला मुद्दाम हिरवट रंग दिलेला असतो, कारण ते जुन्या इंजिनांत जाऊ नये. नवीन म्हणजे सगळ्यांना चांगलं, हा समज तिथेच मोडतो.

'फुल्ली सिंथेटिक' या शब्दाबद्दलही लिहितो. पूर्वी याचा अर्थ पीएओ किंवा एस्टर असा होता, म्हणजे मूळ तेलांच्या वर्गवारीतली ग्रुप ४ आणि ५ ची रसायनं. ग्रुप ३ म्हणजे कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोजनच्या दाबाखाली फार खोल प्रक्रिया केलेलं. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीविरुद्ध तक्रार केली, की ग्रुप ३ ला सिंथेटिक म्हणता येणार नाही. जाहिरातींची छाननी करणाऱ्या मंडळाने निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून जगभर बहुतेक ठिकाणी ग्रुप ३ ही 'सिंथेटिक' म्हणून विकलं जातं. इथे जर्मनीत मात्र अशा डब्यांवर 'एचसी-सिंथेसे' असं छापलेलं दिसतं. चांगलं ग्रुप ३ वाईट मुळीच नाही, अप्रूव्हल असलेली कितीतरी ऑइलं त्याचीच असतात. म्हणून त्या शब्दापाशी थांबू नका, मागचा क्रमांक वाचा.

आणि इथली ३०,००० किमीची लाँगलाइफ सर्व्हिस तिकडे नेऊ नका. ती हायवेवर लांब पळणाऱ्या गाड्यांसाठी आहे. मी स्वतः १५,००० च्या पुढे जात नाही.

---

सह्यवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. पट्टीचा पेट्रोलचा वास, आणि बदलायचं कधी?

---

तेलबिंदू

दोन्हीचं उत्तर एकच आहे. तुमचा रोजचा प्रवास बारा-तेरा किलोमीटर आणि तोही कोंडीत. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये थंड असताना थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. गाडी लांब चालली, ऑइल नीट तापलं की ते उडून जातं. तुमच्याकडे ते पाटणला जाताना होत असेल, पण मधले पंधरा दिवस साठतं. ऑइल पातळ होतं, पातळी वाढते. पातळी खाली जात नाही म्हणून लोक खूश असतात, पण वर सरकणारी पातळीही तितकीच बघायला हवी. बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ साफ होण्याची क्रिया कोंडीत अर्धवट राहत असेल तर हेच डिझेलने होतं.

मॅन्युअलमध्ये मागे 'सिव्हिअर' वापराचं वेगळं कोष्टक असतं. कमी अंतराच्या फेऱ्या, सतत थांबणं-निघणं, धूळ, घाट, हे सगळं त्यात मोजलेलं असतं. आपल्याकडच्या शहरातली जवळपास प्रत्येक गाडी त्याच कोष्टकात बसते. त्यातलं अंतर पाळा. तुमच्यासारख्याला ७,५०० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं मी सांगेन. आत्ता आहे ते ऑइल मात्र मोजत बसू नका, या रविवारीच काढून टाका. त्यात काय आहे हे कुणालाच माहीत नाही आणि त्यात पेट्रोलही आहे.

---

पाना_नं_१७

बदलताना काय बघायचं ते मी सांगतो, कारण इथेच घोळ होतो.

इंजिन कोमट असताना काढा, फार गरम नको. चेंबरचा नट सोडल्यावर पहिलं ऑइल पांढऱ्या डब्यात घ्या आणि उन्हात नेऊन बघा. काळं असलं तर घाबरू नका, काळं होणं हे त्याचं काम. चमचमणारी बारीक धूळ दिसली तर मात्र थांबा, तो धातू आहे. नटाचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवीन. वीस-तीस रुपयांचा वॉशर वाचवायला नट जास्त आवळतात आणि चेंबरचे आटे जातात. फिल्टर दर वेळी नवीन आणि चांगल्या कंपनीचाच. त्यात एक रबरी झडप असते, गाडी बंद असताना ऑइल खाली उतरू देत नाही. हलक्या फिल्टरात ती कडक होते आणि मग सकाळी टर्बो कोरडा.

नवीन फिल्टर बसवताना त्याच्या रबराला बोटाने थोडं नवं ऑइल लावायचं, हाताने घट्ट करायचा. पाना नको.

फ्लशिंग ऑइल कुणी सुचवलं तर नको म्हणा. तुमच्या गाडीची आधीची देखभाल माहीत नाही. साचलेला गाळ एकदम सुटला तर त्या जाळीतच जाऊन बसेल. त्यापेक्षा चांगलं ऑइल घाला, ते ३,००० ला एकदा बदला, मग ठरलेल्या अंतरावर या. हळूहळू निघेल सगळं.

मोजूनच घाला. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा पाव-अर्धा लिटर कमी ओता, इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, पट्टी बघा, मग थोडं थोडं. 'चार लिटरचा डबा आहे, संपवून टाकू' असं करू नका. जास्त झालेलं ऑइल क्रँक फेटून त्याचा फेस करतो, आणि फेसावर टर्बो तरंगत नाही.

ऑइल विकत घेताना मोठ्या ब्रँडचं सील आणि झाकणावरचा कोड तपासा, कोड स्क्रॅच करून पडताळता येतो. बाजारभावापेक्षा खूप स्वस्त मिळालं तर घेऊ नका. आणि रिकामा डबा सोडून येऊ नका. मी प्रत्येक डब्याला ड्रिलने भोक पाडतो, गिऱ्हाइकासमोर. अख्खा डबा भंगारात गेला की तो भरून परत बाजारात येतो. जुनं ऑइल गटारात ओतू नका, आमच्याकडे ते गोळा करणारे लोक येतात.

---

जुना_ड्रायव्हर

ताई, त्या एलएसपीआयचं वाचून एक सांगावंसं वाटतं. आमच्या वेळी शिकवायचे, चढ आला की गिअर आधी टाका, गाडी दमल्यावर नको. पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी घाट आहे. तिथे आजकाल पोरं चौथ्या-पाचव्यात अ‍ॅक्सिलरेटर तळाशी लावून गाडी रेटतात, टर्बो आहे म्हणून चढतेही. दुसरा-तिसरा टाकायचा कंटाळा. मला ते नेहमी चुकीचं वाटायचं, पण का ते आज कळलं.

---

तेलबिंदू

काका, अगदी तेच. ऑइल कितीही चांगलं घाला, १,५०० आरपीएमला पूर्ण दाबणं टाळलंच पाहिजे. आणि तुमचा घाटानंतरचा एक मिनिट, तोही खरा. आता बऱ्याच टर्बोंची बॉडी पाण्याने थंड होते, काहींत गाडी बंद झाल्यावरही छोटा इलेक्ट्रिक पंप पाणी फिरवत राहतो, त्यामुळे पूर्वीइतकं भाजत नाही. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश आलात तर मुद्दाम थांबायचीही गरज नाही. पण दम लागलेली गाडी आणि लगेच बंद, हे नकोच.

---

वऱ्हाडी_ऊन

५डब्ल्यू-४०, सी३, एसपी घेतलं. दुकानदाराने आधी पुढे करून दिलेला डबा ५डब्ल्यू-४० होता पण मागे सीआय-४ लिहिलेलं होतं, म्हणजे ट्रकचं. हा धागा वाचला नसता तर तेच घेऊन आलो असतो.

---

सह्यवाटा

काम झालं, म्हणून वृत्तांत लिहितो.

रविवारी सकाळी ओळखीच्या गॅरेजमध्ये बसून बदलून घेतलं. ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३, एपीआय एसपी, मागे दोन युरोपीय कंपन्यांची अप्रूव्हल्सही होती. शोधायला तीन दुकानं फिरावी लागली. तिसऱ्या दुकानदाराने पाच डबे काउंटरवर मांडून मला मागची लेबलं वाचू दिली, स्वतः चष्मा लावून वाचायला बसला. पाचही ५डब्ल्यू-३०. त्यातले दोन सी३, एक ए३/बी४, दोन ए५/बी५.

जुनं ऑइल पांढऱ्या डब्यात घेतलं. चमक नव्हती. वास पेट्रोलचाच होता, आणि बोटांत धरून बघितलं तर पाण्यासारखं घसरत होतं. नवं ऑइल दुसऱ्या बोटावर घेतलं तेव्हा फरक लगेच कळला. मोजून काढलं तर चार लिटरच्या गाडीतून चार लिटर तीनशे मिलि निघालं.

मेकॅनिकला टर्बोच्या फीड पाइपबद्दल विचारलं. तो म्हणाला, या गाडीत बोल्टमध्ये जाळी नाही, पण पाइपचं तोंड उघडून बघू. बघितलं, आतून तपकिरी होतं, कोळसा नव्हता. पाना दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी हे विचारलंच नसतं.

फिल्टरवर आणि सर्व्हिस फाइलच्या पहिल्या पानावर मार्करने लिहून ठेवलंय: तारीख, ४६,८०० किमी, ५डब्ल्यू-३० सी३ एसपी, पुढचं ४९,८०० ला. रिकाम्या डब्याला भोक मी स्वतः पाडलं.

---

पाना_नं_१७

४९,८०० ला काढाल तेव्हा पुन्हा पांढऱ्या डब्यात घ्या आणि निघालेलं मोजा. चार लिटरच्या जवळपास आलं तर पेट्रोल कमी उतरतंय, मग ७,५०० पर्यंत निवांत जा. परत तीनशे जास्त आलं तर आठवड्यातून एकदा तरी तळेगावपर्यंत चक्कर मारून आणा, अर्धा तास न थांबता. आणि तरीही येत राहिलं तर इंजेक्टर तपासून घ्या.